चारची खिचडी

मी अकरा दिवस एकसष्ट लेकरांना दुपारचं जेवण संध्याकाळी चार वाजता खायला लावलं. हे वाक्य आधीच लिहून टाकतो. कारण एकदा बोलायला लागलो की मी आपली बाजू मांडत बसतो, आणि तेहतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवल्यामुळं माझी बाजू कोणतीही असली तरी पटण्यासारखी वाटते. मलाच वाटते, हे जास्त वाईट.

कंधारकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमची कॉलनी आहे आणि कॉलनीच्या मागं जिल्हा परिषदेची शाळा. चौथीपर्यंत, दोन खोल्या, दोन मॅडम. शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक असतात आणि एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ घ्यावा लागतो. गावात तसा कुणी सापडला नाही म्हणून मुख्याध्यापिका तनुजा मॅडम माझ्याकडं आल्या. त्या माझ्याच विद्यार्थिनी. खुर्चीच्या अगदी कडेवर बसून त्यांनी विचारलं, तुमचं नाव देऊ का सर. मी दोन दिवस विचार करतो म्हणालो आणि त्याच संध्याकाळी होकार कळवला. पुढच्या आठवड्यात फाटकावर पाटी लागली : प्रा. उमाशंकर, शिक्षणतज्ञ. पेंटरनं 'तज्ज्ञ'मधला एक ज गाळला होता. मी त्याला परत बोलावणार होतो, पण आमच्या सिंधुताई, म्हणजे माझी पत्नी, म्हणाल्या, राहू द्या, तेवढंच कमी.

पाटी लागल्यावर माणसाला काहीतरी करावंसं वाटतं. समितीतले बाकीचे सभासद शेतात किंवा कामावर जात होते, त्यांना तशी अडचण नव्हती. मी मात्र रोज गच्चीवर जाऊन उभा राहू लागलो. गच्चीवरून शाळेचं मैदान स्पष्ट दिसतं. आणि तिथंच मला तो शोध लागला. पाऊण वाजता खिचडी वाढली जायची, सव्वाला जेवणं उरकायची, आणि दीडच्या सुमाराला लेकरं दोन-दोन चार-चार करून फाटकाबाहेर पडायची. बरीचशी परत येत नसत. मी आठ दिवस मोजणी केली. सकाळी एकसष्ट, तर दुपारनंतर चौतीस. कधी तीस. मोठ्या कागदावर तीन रंगांच्या पेनांनी आलेख काढला. सकाळची रेघ हिरवी, दुपारनंतरची लाल. ती लाल रेघ खाली उतरताना बघून मला जे दुःख झालं त्यात, खरं सांगतो, थोडा आनंदही होता. इतका स्पष्ट आलेख मला नोकरीत कधी जमला नव्हता.

निष्कर्ष सरळ होता. लेकरं शाळेत खायला येतात आणि खाऊन जातात. जेवणामुळं हजेरी वाढते, शिक्षण वाढत नाही. हे मी सिंधूला ऐकवलं. तिनं विचारलं, त्यांना विचारलं का कुठं जाता म्हणून. मी म्हणालो, आकडे बोलतात.

उपाय मात्र माझा नाही. तो शेजारच्या शिवप्पाचा. शिवप्पा एस.टी.त कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत, आणि जगातला कोणताही प्रश्न त्यांना बसच्या दारात उभा असलेला दिसतो. आलेख बघून ते म्हणाले, "सर, तुम्ही मधल्या स्टॉपवर जेवण देऊन राहिलात, माणूस उतरणारच की. शेवटच्या स्टॉपवर द्या. बघू कोण उतरतंय."

मी त्या रात्री झोपलो नाही, असं पुढं मी लोकांना सांगत असे. प्रत्यक्षात झोप चांगली लागली होती.

समितीची बैठक लागली. विषयपत्रिकेवर दोन विषय होते. पहिला काहीतरी दुरुस्तीचा होता, दुसरा 'ऐनवेळचे विषय'. मी तनुजा मॅडमना म्हणालो, पहिला नंतर घेऊ, आधी माझं ऐका. आलेख फळ्यावर टाचला. मी एक तास दहा मिनिटं बोललो. सभासदांपैकी दोघी कापूस वेचायला जायच्या राहून आल्या होत्या, त्या मधेच उठून गेल्या. एक जण बाहेर फोनवर बोलायला गेला तो आलाच नाही. शेवटी ठरावावर सह्या झाल्या तेव्हा पहिल्या विषयासाठी माणसंच उरली नव्हती. तनुजा मॅडम एकदाच म्हणाल्या, "सर, तो पहिला विषय..." मी म्हणालो, पुढच्या वेळी. त्या हो सर म्हणाल्या. बारावीत असतानाही त्या हो सरच म्हणायच्या.

स्वयंपाक करणाऱ्या बेगमबींनी मात्र विरोध केला. साठीच्या आतबाहेरची बाई, चौदा वर्षं त्या चुलीपुढं आहेत, लेकरं त्यांना चाची म्हणतात. हातातली पळी खाली न ठेवता त्या म्हणाल्या, "सर, यातली निम्मी लेकरं नुस्ता चहा पिऊन येतेत. माय पहाटंच कापसाला जाती. चारपर्यंत कशी थांबतील?"

मी त्यांना सवय कशी लागते ते सांगितलं. दीर्घकालीन लाभ हा शब्द वापरला. बेगमबींनी ऐकून घेतलं आणि पातेलं घासायला गेल्या. स्वयंपाक मी बारालाच करीन, एवढं बजावून गेल्या. घरी त्यांचे मालक सरदारभाई अर्धांगानं पडून आहेत, त्यांना दोनला भरवावं लागतं. मग साडेतीनला परत येऊन खिचडी गरम करून वाढीन.

आता परवानगी. तालुक्याच्या ऑफिसात मी तीनदा गेलो. पहिल्यांदा बाबूनं अर्ज दोन प्रतींत मागितला आणि मला आजोबा म्हणाला. दुसऱ्यांदा असं निघालं की माझा विषय आहारात बसत नाही, कारण आहार बदलत नाही; आणि वेळापत्रकात बसत नाही, कारण तास बदलत नाहीत. मधल्या मधे तो दोन टेबलांच्या फटीत पडला होता. तिसऱ्यांदा मात्र लेखी पत्र मिळालं : 'आपल्या स्तरावर उचित कार्यवाही करावी.' मी ते लॅमिनेट करून घेतलं. शिवाय आज किती लेकरं जेवली तो आकडा दुपारी दोनच्या आत मोबाईलवरून कळवावा लागतो, आणि आमची तर चारला जेवणार. बाबूनं त्यावर तोडगा सांगितला की जेवतील असं धरून भरा. तर अकरा दिवस आमची लेकरं सरकारदरबारी दोनच्या आत जेवलेली आहेत.

पहिल्या दिवशी शेवटच्या तासाला साठ लेकरं वर्गात होती. साठ. एक तापानं घरी गेलं होतं. मी शिवप्पांना घरातून ओढून गच्चीवर नेलं आणि रिकामं फाटक दाखवलं. चार वाजता लेकरांनी ज्या वेगानं खिचडी खाल्ली तो बघून मी म्हणालो, बघा, भूकही सुधारली.

आता सांगायला सगळ्यात अवघड ते सांगतो.

लेकरांना वाढायच्या आधी मोठ्या माणसानं अन्न चाखून वहीत सही करायची असते. हे काम मी आनंदानं अंगावर घेतलं होतं. स्वयंपाक बाराला व्हायचा, म्हणजे चव बाराला. पहिल्या दिवशी मी उभ्यानं चमचाभर खाल्लं. दुसऱ्या दिवशी तनुजा मॅडमनी व्हरांड्यात खुर्ची टाकली, बसल्यावर चमचाभर बरं दिसेना, म्हणून वाटीभर घेतली. बेगमबींच्या हाताला खरंच चव आहे. चौथ्या दिवसापासून मी ताट घेऊ लागलो आणि घरून लोणचं नेऊ लागलो. सिंधूला वाटायचं, मला भूक लागेनाशी झाली. माझी खुर्ची तिसरी-चौथीच्या खिडकीला लागूनच होती. आत पाढे चाललेले असायचे. मी पहिला घास घेतला की पाढे हळू व्हायचे. मी मागं वळून 'मोठ्यानं' म्हणायचो आणि दुसरा घास घ्यायचो.

एकदा खिडकीच्या गजातून चौथीतल्या मंजुश्रीनं विचारलं, "सर, मीठ बरोबर पडलंय का?" दोन वेण्या, अंगापेक्षा मोठा युनिफॉर्म. मला वाटलं, पोरीला जबाबदारीची जाण आहे. बरोबर आहे म्हणालो. तिनं वळून आत सगळ्यांना सांगितलं, बरोबर हाय म्हणे.

हे मी कौतुकानं घरी सांगितलंसुद्धा नाही. म्हणजे आत कुठंतरी मला कळत असावं.

सहाव्या दिवशी सकाळची हजेरी बावन्नवर आली. आठव्या दिवशी सत्तेचाळीस. मी आलेखावर त्या जागी बाण काढून लिहिलं, 'हंगामी घट, कापूस वेचणी'. खरं कारण असं होतं की शाळेत दुपारी खायला नाही म्हटल्यावर आयांनी लेकरांना सोबत रानात न्यायला सुरुवात केली होती. तिथं निदान बाराला भाकरी तरी सुटायची. पण जी राहिली ती शेवटपर्यंत बसत होती, आणि टक्केवारी काढली तर माझी लाल रेघ हिरवीला चिकटलेली होती. अर्थशास्त्रात टक्केवारीसारखी सोय नाही.

अकराव्या दिवशी मी विस्तार अधिकाऱ्यांना उपक्रम बघायला बोलावलं. साहेब अडीचला आले. शिकलेले, हसतमुख, घाईत. त्यांनी भरलेला वर्ग बघितला, आलेखासमोर मला उभं करून फोटो काढला, आणि तिथल्या तिथं तालुक्यातल्या सगळ्या मुख्याध्यापकांच्या ग्रुपवर टाकला. मग म्हणाले, एखाद्या लेकराला काही विचारा की सर. मी अर्थातच मंजुश्रीला उभं केलं. तिला साहेबांसमोर चमकवायचं म्हणून मुद्दाम सोपं गणित घातलं.

"चार मुलांना बारा भाकरी वाटल्या. प्रत्येकाला किती मिळाल्या?"

मंजुश्री माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "कधी वाटल्या सर?"

साहेब हसले. मीही हसलो, साहेब हसले म्हणून. ती हसत नव्हती. तिला खरंच ते माहीत करून घ्यायचं होतं. मी परत प्रश्न सांगायला लागलो, तेवढ्यात तिनं बाकावर हात टेकला, हात सरकला आणि ती बाक आणि भिंत यांच्या मधे खाली बसली. पडली असं म्हणता येणार नाही. सावकाश, कुणाला त्रास होऊ नये अशी बसली आणि डोळे मिटले.

साहेब म्हणाले, ऊन लागलं असेल. नोव्हेंबर चालू होता. त्यांनी घड्याळ बघितलं, पुढच्या भेटीचं कारण सांगितलं आणि गाडी निघून गेली.

मी ओरडलो, पाणी आणा. कुणी हललं नाही. तनुजा मॅडम पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी स्वतः धावत मैदानातल्या टाकीकडं गेलो, नळ फिरवला. तो कोरडा फिरला. दुसरा फिरवला. त्यातून एक मुंगळा बाहेर आला. गच्चीवरून मी ती टाकी रोज बघत होतो. निळी, सुरेख दिसायची.

बेगमबी त्या दिवशी लवकर आल्या होत्या, साहेब येणार म्हणून. त्यांनी आपल्या घागरीतलं पाणी आणलं. स्वयंपाकाचं पाणी त्या रोज घरून डोक्यावर आणत होत्या, हे मला त्या क्षणी कळलं. त्यांनी पोरीच्या तोंडावर पाणी मारलं, गुळाचा खडा चारला. तिनं डोळे उघडल्यावर त्या उठल्या, चुलीपाशी गेल्या, पातेल्यावरचं झाकण काढलं आणि म्हणाल्या, "मॅडम, मी वाढायलेय."

पावणेतीन वाजले होते. तनुजा मॅडमनी पहिल्यांदा माझ्याकडं न बघता उत्तर दिलं.

"वाढा."

सत्तेचाळीस लेकरं ओळीत बसली. खिचडी गार होती. कुणी गरम करा म्हणालं नाही. मी मंजुश्रीजवळ जाऊन बसलो. तिचं अर्धं ताट संपेपर्यंत थांबलो, तेवढी अक्कल तोवर आली होती. मग विचारलं, आधी जेवण झाल्यावर तू घरी का जायचीस?

"पाणी प्यायला."

"आणि परत का येत नव्हतीस?"

"घर लांब हाय सर. जाऊन येईस्तोवर सुटायचीच शाळा."

शेजारचा मुलगा म्हणाला, त्याचं घर जवळ आहे पण पाण्याला आई लागते, माठ उंचावर आहे, आणि आई संध्याकाळी येते. तिसरीतली तूबा म्हणाली, तिला बेगमबीचाची घोटभर देतात, पण मग सगळे मागतात, म्हणून ती मागत नाही. मी ऐकत राहिलो. आठ दिवस मोजलं होतं, तीन रंगांत काढलं होतं, आणि ही माहिती मला खिडकीपासून दोन हातांवर मिळत होती. विचारायचा अवकाश होता.

सगळी घरी गेल्यावर मी तनुजा मॅडमना विचारलं, टाकी कधीपासून बंद आहे. त्या म्हणाल्या, जूनपासून. बोअरची मोटर बंद पडली आहे. दुरुस्तीला समितीचा ठराव लागतो. तीन बैठका कोरमअभावी गेल्या. चौथ्या बैठकीला माणसं जमली होती.

मी विचारलं, चौथी कोणती.

त्यांनी माझ्या आलेखाकडं बघितलं. मग मला समजलं, चौथी कोणती ते. पहिला विषय.

"तुम्ही मला थांबवायचं होतं," मी म्हणालो.

"चूक माझी पण आहे सर," त्या म्हणाल्या. "तुमच्यापुढं मला अजून बोलता येत नाही. वर्गात तुम्ही म्हणायचात, शंका शेवटी विचारा. आणि शेवटी घंटा व्हायची."

हे त्या तक्रारीच्या सुरात बोलल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्या समजूत घातल्यासारखं बोलल्या. तेहतीस वर्षं मला वाटत होतं की माझं शिकवणं इतकं स्वच्छ आहे की पोरांना शंकाच येत नाहीत.

त्याच संध्याकाळी मी सभासदांच्या घरोघर फिरून ठरावावर सह्या आणल्या. एका घरी बाई कापसाचं गाठोडं उतरवत होती. तिनं हात पुसून सही केली आणि विचारलं, "सर, उद्यापास्नं दुपारी मिळंल ना?" मिळेल म्हणालो. तिनं एवढंच ऐकून घेतलं, रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मोटरवाले ईश्वरप्पा आले, पेटी उघडली, उंदरानं कुरतडलेली वायर बदलली, पाऊण तासात टाकी वाहू लागली. ते म्हणाले, एवढंच होतं, आधीच सांगायचं. त्यांना चहा पाजून मी घरी आलो.

घरी सिंधूनं ताट वाढलं. तिला बेगमबींकडून सगळं कळलं होतं. फिरवून बोलायची तिला सवय नाही. लोणच्याची बरणी पुढं ठेवत तिनं विचारलं, "त्या लेकरांच्या समोर बसून जेवत होता तुम्ही?"

मी चव घेत होतो असं सांगणार होतो. तिनं बरणी उचलून आत नेली. त्यानंतर त्या विषयावर ती कधी बोलली नाही, आणि तिचं न बोलणं काय असतं हे आमच्या घरी आलेल्यांना माहीत आहे.

शिवप्पांनी सांत्वन केलं. म्हणाले, कल्पना चांगली होती, रूट चुकला. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी हो म्हणालो. बेगमबींकडं माफी मागायला गेलो तर त्या सरदारभाईंना भरवत होत्या. सरदारभाईंनी डाव्या हातानं मला बसायची खूण केली. अकरा दिवस त्यांचंही जेवण घाईघाईत उरकलं जात होतं. मी काय बोललो ते आठवत नाही. बेगमबी म्हणाल्या, पाणी आलं ना आता सर, झालं तर मग. चहा घ्या. मी चहा घेतला आणि तो संपेपर्यंत वर बघितलं नाही.

आठवड्यात हजेरी परत साठाच्या घरात गेली. दुपारनंतरही बाकं भरलेली राहिली. आलेख काढला असता तर सुंदर निघाला असता. काढला नाही.

मला वाटलं, झालं. गावात जे चार लोकांना कळायचं ते कळलं, आता शांतपणे खजील होऊन बसावं. पण साहेबांनी ग्रुपवर टाकलेला फोटो तिथून कुणी हटवला नव्हता. तो इकडून तिकडं फिरत होता, आणि प्रत्येक नव्या हाती जाताना त्याच्याखालचा मजकूर वाढत होता. कुणीतरी मला 'डॉ.' केलं होतं. अभिनंदनाचे निरोप येऊ लागले. मी त्यांना हात जोडल्याचं चित्र पाठवत राहिलो. धन्यवाद म्हटलं नाही, आणि चूक झाली असंही म्हटलं नाही. हात जोडल्याचे दोन्ही अर्थ निघतात. मी अजून सुधारलो नव्हतो, हे मान्य करतो.

मग एका सकाळी उमरीकडून फोन आला. रामलिंग नावाचे मुख्याध्यापक होते, आवाज तरुण, आदरानं भरलेला. म्हणाले, "सर, आमच्याकडं पण हाच प्रॉब्लेम आहे. लेकरं खातेत आणि जातेत. तुमचा फोटो बघून ठराव केला. सोमवारपासून चारला वाढणार. फक्त तुमचा आशीर्वाद पाहिजे."

हात जोडल्याचं चित्र फोनवर दाखवता येत नाही.

मी म्हणालो, "करू नका. मी केलं ते चुकीचं होतं." त्यांना वाटलं नम्रता आहे. ते हसले. मग मला सगळं सांगावं लागलं, पहिल्यापासून. गच्ची, कंडक्टर, लॅमिनेट केलेलं पत्र, व्हरांड्यातली खुर्ची, लोणचं. लोणचं गाळावंसं वाटलं, तरी सांगितलं. मंजुश्रीचा प्रश्न सांगितला. सिंधू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मी थांबलो नाही.

रामलिंग यांनी विचारलं, "मग सर, लेकरं जात कुठं होती?"

"पाणी प्यायला," मी म्हणालो.

मला वाटलं फोन कटला. मग दूरवर पावलं ऐकू आली, मैदानातून चालल्यासारखी, आणि नळ फिरवल्याची किरकिर. एकदा. मग पुन्हा एकदा.

"सर," ते म्हणाले, "आमची पण कोरडीच आहे."